पट्टा आणि ठाणे

पांढरकवडा मागे टाकून ४४ क्रमांकाच्या महामार्गाने दक्षिणेकडे निघाले की पैनगंगेच्या पुलावर महाराष्ट्र संपतो आणि आदिलाबाद जिल्हा सुरू होतो. पाट्यांची लिपी बदलते. बाकी फारसे काही बदलत नाही. तीच काळी जमीन, तोच कापूस, बांधावरची तीच सागाची झाडे. चहाच्या टपरीवर मराठी चालते आणि आदिलाबादच्या बाजारात तर ती तेलुगूइतकीच सहज कानावर पडते. सरहद्द म्हटली की किल्ला आणि बुरूज डोळ्यांपुढे येतात, पण इथे नदीकाठी तसे काही नाही. राज्यसत्तेचे दर्शन घडते ते सरहद्दीपासून बरेच आत. गुडीहतनूरला महामार्ग सोडून इंद्रवेल्ली, उटनूर, जैनूर, केरामेरी असे पठार चढत-उतरत आसिफाबादकडे जाऊ लागले की प्रत्येक मोठ्या बाजारगावात पोलीस ठाणे भेटते. उंच कुंपणभिंत आणि तिच्यावर काटेरी तार ही या भागातल्या ठाण्यांची जुनी ओळख. नदीकाठ मोकळा आणि गोंड-कोलामांच्या वस्तीच्या मधोमध मात्र तटबंदी, या उलट्या मांडणीचा अर्थ लावल्याशिवाय आदिलाबादचा इतिहास कळणार नाही असे मला वाटते. माझे म्हणणे थोडक्यात असे: इथल्या ठाण्यांच्या जागा सीमेने किंवा गुन्ह्यांनी ठरलेल्या नाहीत. जमीन कोणाच्या नावावर चढली आणि कोणाच्या नावावर चढायची राहिली, या एका गोष्टीने त्या ठरवल्या. दफ्तराने जिथे कसणाऱ्याला वगळले, तिथे मागाहून पोलीस लागला. दफ्तर सुधारले तेव्हा पोलिसाचे काम हलके झाले, आणि ते पुन्हा बिघडले तेव्हा गोळीबार झाला.

किल्ले इथे नव्हते असे नाही. सिरपूरचा किल्ला भीम बल्लाळसिंहाने बांधला आणि चांद्याच्या गोंड राजघराण्याची पहिली गादी तिथेच होती, अशी परंपरा आहे. पुढे ती बल्लारपूरला आणि मग चांद्याला गेली. उटनूरलाही गोंड राजांच्या गढीचे अवशेष आहेत. उत्तरेला, आज चंद्रपूर जिल्ह्यात मोडणाऱ्या डोंगरात माणिकगड आहे. हे किल्ले राजाचे होते आणि त्यांचे राजकारणही राजाराजांमधले होते. कोण कोणाला मानतो, खंडणी कुठे पोचते, एवढाच प्रश्न ते सोडवत. आतल्या मुलुखाचा कारभार मोकाशी म्हणवणाऱ्या गोंड सरदारांकडे होता. एखाद्या कुटुंबाने कोणते रान तोडावे आणि कोणते पडीक ठेवावे, यात किल्ल्याने लक्ष घातल्याचे दिसत नाही. १७५१ साली नागपूरकर भोसल्यांनी चांदा घेतले, आणि १७७३च्या तहात माणिकगड आणि त्याच्या भोवतीचा डोंगरी मुलूख निजामाकडे जाऊन बदल्यात गाविलगड भोसल्यांना मिळाला. दोन किल्ल्यांची अदलाबदल झाली, पण माणिकगडाच्या पायथ्याच्या गोंडाच्या दिनक्रमात त्याने काय फरक पडला असेल? माझ्या मते फारच थोडा. किल्ला हातातून हातात जात होता, पण शेत ज्याचे त्याच्याकडेच राहत होते. अगदी १८५७ नंतरच्या धामधुमीत निर्मळच्या बाजूला रामजी गोंडाने रोहिल्यांच्या साथीने उठाव केला तेव्हाही सरकार आले ते फौजेच्या रूपाने. उठाव चिरडला, रामजीला आणि त्याच्या साथीदारांना निर्मळला वडाच्या झाडावर फाशी दिले, आणि फौज परत गेली. त्या वडाला लोक हजार फासांचा वड म्हणतात. आकडा लोकस्मृतीतला आहे, त्यावर इथे वाद घालत नाही. ध्यानात घ्यायचे ते इतकेच की फौज येते आणि जाते. मुक्काम ठोकतो तो पोलीस, आणि तो ठोकायला कारण लागते.

ते कारण पुढच्या साठ-सत्तर वर्षांत तयार झाले. निजामाचा दिवाण सालारजंग याने १८६०च्या दशकात जिल्हाबंदी म्हणजे मुलुखाची जिल्ह्यांत विभागणी केली, महसूल आणि पोलीस इंग्रजी हिंदुस्थानच्या वळणावर नेले. १९०५ साली आदिलाबाद स्वतंत्र जिल्हा झाला. काळ्या जमिनीची मोजणी झाली, पट्टे तयार होऊ लागले. गोंड शेतकऱ्याची पद्धत या व्यवस्थेत बसणारी नव्हती. हलक्या जमिनीत दोन-चार वर्षे पीक घ्यायचे, मग ती पडीक टाकून शेजारचा तुकडा धरायचा, असा त्याचा क्रम होता. पट्टा घेतला तर पडीक तुकड्याचाही सारा भरावा लागणार. त्यापेक्षा दरसाल जेवढे कसले तेवढ्याचा सारा देऊन मोकळे व्हावे हे त्याला सोयीचे वाटले. महसुली भाषेत याला ‘शिवाय-जमाबंदी’ म्हणत. कसणारा सारा भरतो, पण जमिनीवर त्याचे नाव नाही. जोवर जमीन मुबलक होती तोवर यात कोणाचे बिघडले नाही. पण काझीपेठ-बल्लारशा लोहमार्ग १९२०च्या दशकाअखेर पुरा झाला, कापसाला भाव होता, आणि खालून तेलुगू तर वरून मराठी शेतकरी, सावकार, व्यापारी या मुलुखात येऊ लागले. त्यांना पट्ट्याची किंमत पुरेपूर ठाऊक होती. पटवारी त्यांचा, भाषा त्यांची, अर्ज त्यांचा. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली, पण त्या वर्षी पडीक असलेली जमीन दफ्तरात मोकळी दिसे; ती त्यांच्या नावे होई. उरलेल्या डोंगराळ भागात जंगल खात्याने राखीव जंगलाच्या रेषा ओढल्या आणि त्या रेषांच्या आत गावेच्या गावे सापडली. गोंड माणूस जागचा हललाही नव्हता. तो एका बाजूला पट्टेदाराचा कूळ झाला आणि दुसऱ्या बाजूला जंगलातला अतिक्रमक. आता त्याला हुसकायला माणूस हवा होता. तालुक्याच्या गावचा अमीन म्हणजे फौजदार, त्याचे जवान आणि जंगलाचे चौकीदार ही सगळी साखळी या कामाला जुंपली गेली.

हा क्रम केवळ निजामाच्या राज्याचा नव्हता, हे पाहण्यासाठी दूरचे एक उदाहरण घेतो. कॅनडाच्या पश्चिमेकडच्या गवताळ प्रदेशात, प्रेअरीवर, १८७३ साली नॉर्थ-वेस्ट माउंटेड पोलीस हे घोडदळी पोलीस दल उभे राहिले. त्याचा नमुना आयर्लंडच्या सशस्त्र पोलीस दलाचा होता, आणि त्याच नमुन्यावर इंग्रज सेनापती नेपियरने १८४३ नंतर सिंधमध्ये पोलीस उभारले होते. म्हणजे आपली पोलीस लाइन आणि प्रेअरीवरचा पोलीस किल्ला हे एकाच घराण्यातले. १८७३च्याच उन्हाळ्यात सायप्रस टेकड्यांत लांडगे मारणाऱ्या गोऱ्या टोळीने असिनिबॉइन लोकांची कत्तल केली होती. अमेरिकेतून आलेले दारूचे व्यापारी मूळ रहिवाशांना नागवत होते. पोलीस १८७४ साली तिथे पोचले, ओल्डमन नदीकाठी फोर्ट मॅक्लाउड उभा राहिला, पुढच्या वर्षी फोर्ट वॉल्श आणि फोर्ट कॅल्गरी झाले. दारूचा धंदा मोडला. ब्लॅकफूट लोकांचा मुखिया क्रोफूट याने पोलिसांबद्दल कृतज्ञता बोलून दाखवली आणि १८७७ साली, बऱ्याच अंशी त्याच विश्वासावर, सातव्या क्रमांकाचा करार झाला. करारावर सरकारच्या बाजूने ज्यांनी सह्या केल्या त्यांत मॅक्लाउड हा पोलीस अधिकारीच होता. करारानंतर जमीन कागदावर सरकारची झाली. दोनच वर्षांत कॅनडाच्या बाजूचे गवे संपले आणि उपासमार सुरू झाली. सायप्रस टेकड्यांत राहू पाहणाऱ्या क्री आणि असिनिबॉइन लोकांनी उत्तरेकडच्या राखीव वस्त्यांत जावे म्हणून त्यांचा शिधा रोखण्यात आला. ते गेल्यावर १८८३ साली फोर्ट वॉल्श मोडून टाकला. १८८५च्या उठावानंतर राखीव वस्तीबाहेर पडायला परवाना लागू झाला. त्याला कायद्याचा आधार नव्हता, तरी अंमल पोलिसांनी केला. दहा-बारा वर्षांत तेच किल्ले, तेच गणवेश, बरेचसे तेच अधिकारी राहिले, पण काम उलटे झाले. माणसे बिघडली म्हणून ते उलटले असे म्हणायला फारसा पुरावा नाही. जमिनीची मालकी बदलल्यामुळे कामाचे स्वरूपच बदलले होते.

आता आसिफाबादच्या डोंगरात परत येऊ. केरामेरीजवळच्या हट्टीहून जोडेघाटचा रस्ता फुटतो. तिथे तेलंगण सरकारने गोंड पुढारी कुमराम भीम याचे स्मारक आणि संग्रहालय उभारले आहे, आणि दरवर्षी आश्विन पौर्णिमेला, आपल्या कोजागिरीला, त्याचा स्मृतिदिन पाळला जातो. जल, जंगल, जमीन ही घोषणा आज त्याच्या नावाशी इतकी जोडली गेली आहे की त्याच्या मागणीतला नेमका तपशील झाकोळतो. भीम कोणत्या प्रकरणातून पुढे आला? त्याच्या कुटुंबाने कसलेल्या जमिनीवर दुसऱ्याने हक्क सांगितला, त्या भांडणात सिद्दिक नावाचा माणूस मारला गेला, आणि भीम परागंदा झाला. परत आल्यावर त्याने जोडेघाट, बाबेझरी या भागात लोकांना घेऊन रान तोडले, वस्त्या केल्या. जंगल खात्याने त्या उठवायला घेतल्या. अर्ज झाले, विनवण्या झाल्या. त्यांचा निकाल लागला नाही, आणि १९४० साली पोलीस डोंगरावर चढले. भीम आणि त्याचे साथीदार गोळीबारात मारले गेले. यात दरोडा नाही, परचक्र नाही, निजामाच्या गादीला धोकाही नाही. काही गावांना कसायला जमीन हवी होती आणि ती त्यांची असल्याचा कागद हवा होता. आसिफाबाद तेव्हा जिल्ह्याचे ठाणे होते, तालुकदाराची कचेरी तिथेच होती. तो कागद देणे कचेरीला अवघड नव्हते, हे पुढच्या नऊ वर्षांनी दाखवून दिले.

माझ्या म्हणण्याला सगळ्यात भक्कम आधार याच नऊ वर्षांत सापडतो, म्हणून इथे थोडा थांबतो. १९४०च्या दशकात निजामाच्या मंत्रिमंडळात महसूल आणि पोलीस ही दोन्ही खाती विल्फ्रिड ग्रिगसन यांच्याकडे होती. बस्तरच्या माडिया गोंडांवर पुस्तक लिहिलेला हा अधिकारी. महसुलाची फाइल आणि गोळीबाराची फाइल एकाच टेबलावर येणे हा योगायोग असेल, पण परिणामकारक ठरला. त्याच काळात क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हा ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ हैदराबाद संस्थानात होता. जर्मन पारपत्रामुळे युद्धाच्या सुरुवातीच्या काळात तो इंग्रजांच्या लेखी शत्रुराष्ट्राचा नागरिक होता आणि त्याला संस्थानाबाहेर मोकळे फिरता येत नव्हते. कागदामुळे माणसाची काय गत होते याचा अनुभव असा स्वतःलाच आलेला माणूस गोंडांच्या जमिनीच्या कागदांकडे वळला. त्याने अहवालांतून स्पष्ट सांगितले की असंतोषाचे मूळ जमीन जाण्यात आहे. जैनूरजवळच्या मार्लवाईला गोंड शिक्षकांसाठी केंद्र निघाले. गोंडी वाचनपाठ देवनागरीत छापले गेले, कारण या मुलुखात मराठी अनेकांना येत होती. गोंडांच्या वंशकथा गाणाऱ्या परधानांची तर घरची बोलीच मराठी. केसलापूरच्या नागोबा जत्रेत अधिकाऱ्यांनी येऊन तक्रारी ऐकायचा दरबार भरू लागला. आणि मुख्य म्हणजे जमीन वाटप सुरू झाले. सेतुमाधवराव पगडी आपल्याला शिवकाल आणि मोगलकालाचे इतिहासकार म्हणून परिचित आहेत. आदिलाबादेत ते याच कामावरचे खास अधिकारी होते, गोंडी आणि कोलामी शिकले, त्या भाषांची व्याकरणे त्यांनी लिहिली. १९४९पर्यंत सुमारे १ लाख ६० हजार एकर जमिनीचे पट्टे ११ हजारांहून अधिक आदिवासींच्या नावे झाले. नेमके याच सुमारास, १९४६ ते १९५१, तेलंगणातला सशस्त्र शेतकरी लढा चालू होता. त्याचे केंद्र नलगोंडा आणि वरंगल राहिले. दारिद्र्य, जंगल, डोंगर, जुना उठाव असे बंडाला लागणारे सगळे साहित्य हजर असूनही आदिलाबादचे गोंड पठार त्याचे केंद्र झाले नाही. यामागे भाषा, अंतर, संघटनेचा अभाव अशी इतर कारणेही असणार हे मान्य. पण ज्या डोंगरात सहा-सात वर्षांपूर्वी पोलिसांना गोळ्या चालवाव्या लागल्या तिथे आता पटवारी साखळी घेऊन फिरत होता, याला काहीच वजन नाही असे म्हणता येणार नाही.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. पोलीस नसते तर दुबळ्याचे रक्षण कोणी केले असते? फोर्ट मॅक्लाउडने दारूवाले हाकलले हे खोटे नाही. आदिलाबादेतही सावकाराच्या गुंडाविरुद्ध दाद मागायला शेवटी ठाण्याचीच पायरी होती. हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. पोलिसाच्या हातात जो कायदा दिला जातो त्याप्रमाणे तो रक्षक किंवा हुसकावणारा ठरतो. म्हणून ठाणे चांगले की वाईट हा प्रश्न मला निरर्थक वाटतो. ठाण्याच्या पाठीमागे कोणते दफ्तर आहे एवढेच विचारावे. आणि दफ्तर दुबळ्याच्या बाजूचे असले तरी ते आपोआप अमलात येत नाही, याचा पुरावा पुढच्या तीस वर्षांत आहे. अनुसूचित क्षेत्रातली जमीन आदिवासीकडून बिगर-आदिवासीकडे जाऊ नये म्हणून आंध्रात १९५९चा नियम झाला, तो १९६३ साली तेलंगणाला लागू झाला आणि १९७० साली अधिक कडक झाला. लोकांच्या तोंडी तो आजही ‘वन ऑफ सेव्हंटी’ आहे. तो नियम मोडून झालेले व्यवहार उलटवायला पोलिसांचा तांडा निघाल्याची उदाहरणे शोधावी लागतात. अतिक्रमण काढायला निघाल्याची शोधावी लागत नाहीत. एकाच ठाण्यात दोन कायदे असतात, आणि कोणता लवकर उचलला जातो हे ठाणेदाराच्या मर्जीपेक्षा बाहेरच्या राजकारणावर ठरते.

इंद्रवेल्लीचा स्तंभ हे त्या राजकारणाचे उघड्यावरचे दफ्तर म्हणता येईल. २० एप्रिल १९८१, सोमवार, इंद्रवेल्लीच्या आठवडी बाजाराचा दिवस. गिरिजन रयतु कुली संघम या संघटनेने सभा बोलावली होती. संघटनेमागे आदल्याच वर्षी कोंडापल्ली सीतारामय्यांनी स्थापन केलेला पीपल्स वॉर पक्ष होता. मागण्यांत पहिली होती कसत्या जमिनीच्या पट्ट्यांची. सभेला बंदी करून जमावबंदी लावली गेली, पण डोंगरातल्या पाड्यांवरून बाजाराला आणि सभेला निघालेल्या लोकांना ती कळणार कशी? पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा १३ मृतांचा. संघटना आणि नागरी हक्कांचे कार्यकर्ते त्याच्या कितीतरी पट सांगत आले. एक पोलीसही मारला गेला. पुढच्या काळात तिथे स्मृतिस्तंभ उभा राहिला, तो १९८६ साली सुरुंगाने उडवला गेला, आणि पुन्हा सरकारी खर्चाने बांधला गेला. त्यानंतर वर्षानुवर्षे २० एप्रिलला त्या स्तंभाभोवती जमावबंदी लागत राहिली आणि पोलिसांची नाकाबंदी असे. सरकारने स्वतः बांधलेल्या स्मारकापाशी लोकांनी फुले वाहू नयेत म्हणून पहारा ठेवण्याची पाळी आली, यापेक्षा गोंधळलेली तटबंदी मला दुसरी माहीत नाही. अलीकडे हे निर्बंध सैल झाले आहेत आणि राजकीय पक्ष स्वतःच इंद्रवेल्लीहून प्रचाराचे नारळ फोडतात. हायमेनडॉर्फ यांचे भारतीय आदिवासींच्या जगण्याच्या झगड्यावरचे पुस्तक १९८२ साली निघाले. १९४०च्या दशकात पट्टे मिळालेल्या कुटुंबांच्या जमिनी मधल्या काळात पुन्हा कशा निसटल्या याची हकिगत त्यात आहे. इंद्रवेल्लीच्या आदल्या तीस वर्षांचे तेच खरे पंचनामापत्र.

दुसरा आक्षेप इथे येतो आणि तो अधिक जड आहे. १९८०च्या दशकात इथले पोलीस शस्त्रधारी नक्षलवाद्यांना तोंड देत होते. ठाण्यांवर हल्ले होत, रस्त्यांत सुरुंग फुटत. तेव्हा वाळूची पोती रचली, तारा ओढल्या, भिंती चढवल्या, यात जमिनीचे दफ्तर कुठे आले? मरणाऱ्या शिपायाला पट्ट्यांचा इतिहास सांगणे हा क्रूर विनोद होईल, आणि पीपल्स वॉरच्या हिंसेचे समर्थन माझ्या मनात नाही. त्या हिंसेत आदिवासीही खबऱ्या ठरवून मारले गेले. पण हा आक्षेप ठाण्याची भिंत का उंच झाली एवढेच सांगतो. नक्षलवादी याच पठारावर का टिकू शकले हे तो सांगत नाही. बंदूक बाहेरून आली. तिला भाकरी आणि आसरा देणारी तक्रार इथलीच होती, आणि ती तक्रार निजामाच्या दफ्तरात १९४०च्या आधीपासून नोंदलेली होती. शिवाय भिंत उंच झाल्याचा एक परिणाम असा की भिंतीआडचा पोलीस गावापासून तुटला. तक्रार घेऊन जाणारा गोंड ठाण्यात खबऱ्या ठरण्याच्या भीतीने जाईना. सावकारी, बेकायदा जमीन खरेदी, दारू असल्या रोजच्या गुन्ह्यांत ज्याला पोलिसाची खरी गरज होती त्यालाच ठाणे बंद झाले. पुढे १९८९ साली ग्रेहाउंड्स हे खास दल उभारून आंध्र पोलिसांनी नक्षलवाद्यांची लष्करी ताकद मोडली, हे त्यांचे यश नाकारायचे कारण नाही. मात्र त्या यशाने एकही पट्टा लिहिला गेला नाही, तसे ते दलाचे कामही नव्हते.

मराठी वाचकाला या सगळ्यात एक गोष्ट टोचायला हवी. पट्टे मिळवणाऱ्यांत आपले लोक होते. वऱ्हाड आणि मराठवाड्यातून आलेले कुणबी, माळी, व्यापारी यांनी आदिलाबादची काळी जमीन कापसाखाली आणली. १९५६ साली किनवट आणि राजुरा हे तालुके महाराष्ट्राच्या बाजूला गेले, तरी उरलेल्या जिल्ह्यात मराठी वस्ती मोठी राहिली. यावर म्हटले जाईल, आणि बरोबरच म्हटले जाईल, की हे शेतकरीही गरीबच होते. दुष्काळाने आणि कर्जाने हुसकलेले लोक लूट करायला आले नव्हते. प्रेअरीवर गेलेला स्कॉट किंवा युक्रेनी शेतकरी तरी कुठे श्रीमंत होता? पण स्थलांतरिताच्या गरिबीने व्यवहाराचा परिणाम बदलत नाही. दोन गरिबांपैकी ज्याला पटवाऱ्याची भाषा येत होती त्याची बाजू दफ्तराने घेतली. हाच प्रश्न १९७६ नंतर नव्या रूपात आला. त्या वर्षीच्या दुरुस्तीने तेलंगणातले लंबाडे म्हणजे बंजारे अनुसूचित जमातीत आले. महाराष्ट्रात मात्र ते विमुक्त-भटक्यांच्या यादीतच राहिले. नदीच्या एका काठावर जी जमात आदिवासी नाही ती दुसऱ्या काठावर आदिवासी ठरली, आणि ‘वन ऑफ सेव्हंटी’ची तटबंदी तिच्यासाठी उघडली. स्थलांतर वाढले, गोंड आणि लंबाडे यांच्यात तेढ वाढली, आणि २०१७च्या डिसेंबरात ती इतकी चिघळली की जिल्ह्यात बाहेरून पोलीस आणून ठेवावे लागले. दोन्ही बाजूंना आपापली बाजू आहे. बंजाऱ्यांचे हलाखीचे जगणे काही बनावट नव्हते. मला यात दिसतो तो पुन्हा तोच क्रम: यादी बदलली, जमिनीची वाट बदलली, आणि काही वर्षांनी पोलिसांच्या गाड्या आल्या.

शेवटचा आक्षेप जंगलाचा. रान तोडून पोडू म्हणजे फिरती शेती करायला मोकळीक दिली तर कवालच्या व्याघ्र प्रकल्पात उरेल काय, असे विचारणारे लोक वेडे नाहीत. ताडोब्याहून वाघ याच पट्ट्याने खाली उतरतात. आणि जंगल खात्याचा माणूस दर वेळी बलवानच असतो असेही नाही. जून २०१९ मध्ये कागजनगरजवळ सारसाला गावी रोपवन लावायला गेलेल्या महिला वनाधिकाऱ्याला जमावाने ट्रॅक्टरवर चढून काठ्यांनी मारले. पोलीस तिथे हजर होते. त्या मारहाणीला माफी नाही. पण ज्या जमिनीवर रोपे लावायची होती ती जंगलाची की पोडूची, हा वाद २००६च्या वनहक्क कायद्यानंतर तेरा वर्षांनीही मिटलेला नव्हता, हे लक्षात घेतले तर त्या अधिकाऱ्याला आणि समोरच्या गावकऱ्यांना एकाच अपुऱ्या दफ्तराने एकमेकांपुढे उभे केले होते असे म्हणावे लागते. हक्क ठरले की जंगल बुडते असे मानायचे कारण नाही. हक्क न ठरवता ठेवलेले जंगल मात्र दरवर्षी थोडे तुटते आणि दरवर्षी थोडे गुन्हे दाखल होतात.

३० जून २०२३ रोजी तेव्हाचे मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांनी पोडू जमिनीच्या पट्ट्यांचे राज्यव्यापी वाटप आसिफाबादहून सुरू केले. एकूण चार लाख एकरांवर जमीन, दीड लाखाच्या आसपास कुटुंबे. निवडणुकीचे वर्ष होते, हे सांगायला नको. त्याच सभेत पोडू शेतकऱ्यांवरचे खटले मागे घेण्याची घोषणा झाली. पट्टा देणे आणि खटला काढणे या दोन गोष्टी एका दमात बोलाव्या लागल्या, कारण पट्टा दिल्यावर त्या खटल्यांना आधारच उरत नव्हता. ज्यांचे दावे फेटाळले गेले किंवा पडून राहिले, त्यांच्यासाठी व्यवस्था पूर्वीचीच आहे. आणि केरामेरीच्या उत्तरेला, तेलंगण आणि महाराष्ट्राच्या भांडणात अडकलेल्या जिवती तालुक्यातल्या परमडोली, मुकादमगुडा यांसारख्या गावांत तर ती फारच विचित्र रूपात दिसते. तिथे दोन राज्यांच्या शाळा आहेत, दोन शिधापत्रिका आहेत, मतदारयादीत नाव दोनदा आहे. सरहद्द कोणती हे ठरलेले नसूनही तिच्यावर बुरूज नाही, कोणी कोणाला अडवत नाही. गावकऱ्यांचे गाऱ्हाणे वेगळेच आहे: दोन सरकारे असून कसत्या जमिनीचा पट्टा मात्र त्यांच्यापैकी अनेकांना दोघांपैकी एकानेही दिलेला नाही.